रडली नव्हे, म्हणाली

झाबीनेचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी होते. हातात ट्रे, पुढे तीन माणसं. इथे जर्मनीत, गेर्लिंगेनच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या रांगेत सहसा कुणी फोन घेत नाही, पण नाव बघून मी घेतला. झाबीने ही आमच्या घरमालकीण रोझविथाताईंची भाची. ती म्हणाली, "मेधा, आत्या गेली. सकाळी नऊ वाजता." मग म्हणाली, "तुला सांगू? शेवटपर्यंत नर्सशी वाद घालत होती. पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या कार्डावर आडनावातला एक 'एन' गळला होता. तो लिहून घेतला, मग चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत..." आणि मी त्या भरल्या कॅन्टीनमध्ये, हातात ट्रे घेऊन, डोळ्यांतून पाणी वाहत असताना चक्क हसले. पुढच्या माणसानं वळून पाहिलं. त्याला काय सांगणार... त्र्याऐंशी वर्षांची एक बाई, आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं लावत राहिली, आणि जाताना स्वतःच्या नावाचं अक्षर दुरुस्त करून गेली.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. 'प्रोफेसर डॉक्टर रोझविथा ब्रेन्लर' ही पितळी पाटी खालच्या दारावर अजून आहे. नऊ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी आणि निखिल, माझा नवरा, घर शोधून शोधून टेकीला आलो होतो. निखिलची नोकरी झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात, माझी इथे, ईरा पाच वर्षांची. प्रत्येक घरमालक पगाराच्या स्लिपा मागायचा, बँकेचे कागद मागायचा, आणि मग आठवड्यानं नम्र भाषेत नकार पाठवायचा. या बाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, सफरचंदाचा केक कापला आणि मला विचारलं, "तुझ्या आजीचं नाव काय? आणि ती कुणाशी भांडायची?" निखिलनं टेबलाखालून माझा पाय दाबला. त्याला वाटलं, यात काहीतरी मेख आहे. मी खरं ते सांगितलं. आजीचं नाव शांता, आणि ती जन्मभर शेजारच्या काकूंशी चिंचेच्या झाडावरून भांडली. "झाड कुणाचं होतं?" बाईंनी पुढे झुकून विचारलं. मी म्हटलं, "ते शेवटपर्यंत ठरलंच नाही." त्या खुर्चीला टेकल्या, "गूट", म्हणजे 'छान', म्हणाल्या आणि वरच्या मजल्याची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. पगाराच्या स्लिपा आमच्या पिशवीतच राहिल्या.

भांडण हाच त्यांचा विषय होता हे मला नंतर कळलं. आमच्या या भागात, म्हणजे स्वाबियन मुलखात, केअरवोखं नावाची एक प्रथा आहे. इमारतीतला जिना, तळघर, समोरचा फूटपाथ दर आठवड्याला आळीपाळीनं एकेका घरानं झाडायचा, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. माझ्या पहिल्याच पाळीत मी जिना लख्ख केला, पण तळघराच्या पायऱ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गृहस्थांची चिठ्ठी दारात. चार मुद्दे, त्यातला एक अधोरेखित. मी संतापानं ती चुरगाळून जिन्यात फेकली. संध्याकाळी फ्राऊ ब्रेन्लर (तेव्हा त्या माझ्यासाठी फ्राऊ ब्रेन्लरच होत्या) ती चिठ्ठी हातानं सपाट करत वर आल्या. मला वाटलं, आता ह्याही बोलणार. तर त्यांचा चेहरा वाढदिवसाची भेट मिळाल्यासारखा उजळलेला. "ही मला देशील? आणि तारीख घाल खाली. भांडणाचा कागद कधी फेकायचा नाही. माणसं सुखात असली की कुणी त्यांच्याबद्दल काही लिहून ठेवत नाही. भांडली की लगेच लिहितात. म्हणून ती आपल्याला सापडतात." मग त्यांनी माझ्याबरोबर तळघराच्या पायऱ्या झाडल्या. म्हणजे झाडल्या मीच, त्या वरच्या पायरीवर बसून सूचना देत होत्या आणि शेजारच्या गृहस्थांच्या वडिलांनी त्यांच्या तरुणपणी कोणाकोणाला चिठ्ठ्या लिहिल्या होत्या ते रंगवून सांगत होत्या.

त्या श्वेबिश आल्बच्या डोंगरातल्या एका गावच्या बेकरीवाल्याची मुलगी. त्यांच्या घराण्यात विद्यापीठाचं तोंड पाहणाऱ्या त्या पहिल्या. लहानपणी सकाळी दुकानाच्या गल्ल्यामागे उभं राहून त्या पाव विकायच्या आणि ऐकायच्या. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची सून माहेरी गेली, कुणी कुणाच्या हद्दीत नांगर घातला. "माझं खरं विद्यापीठ तेच," त्या म्हणायच्या. पुढे इतिहासाच्या अभ्यासाला लागल्यावर त्यांच्या हाती आल्या गावोगावच्या चर्च-पंचायतीच्या नोंदवह्या. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी या भागात गावचा पाद्री, पाटील आणि दोन-चार वडीलधारी मंडळी ठरावीक दिवशी बसायची आणि रविवारी नाचलेल्यांना, प्रार्थनेला न आलेल्यांना, शिवीगाळ केलेल्यांना बोलावून जाब विचारायची. कोण काय म्हणालं ते सगळं कारकून लिहून घ्यायचा. रोझविथाताईंनी यावर प्रबंध लिहायचा म्हटल्यावर त्यांचे मार्गदर्शक म्हणाले होते, "बाई, चुलीपाशी बसून केलेल्या गप्पा म्हणजे इतिहास नव्हे." यावर त्यांनी काय उत्तर दिलं, असं मी विचारलं होतं. "काही नाही. मी घरी जाऊन लिहायला बसले," त्या म्हणाल्या.

त्यातून जे पुस्तक झालं त्यानं त्यांचं नाव झालं. 'आना बार्बाराचे अश्रू'. विणकराची बायको असलेली ही आना बार्बारा रविवारी पाद्रीबुवांचं प्रवचन चालू असताना मोठ्यानं हसली. बोलावणं आलं. का हसलीस, म्हणून विचारलं. नोंदवहीत पुढे चार जर्मन शब्द: यावर ती रडली. पान संपलं, आणि पुढच्या पानावर दुसऱ्याच कुणाचं प्रकरण. या चार शब्दांवर ताईंनी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. बोलायची सोय नसलेल्या बाईचं रडणं हीच कशी तिची भाषा होती, पंचायतीपुढे अश्रू हेच कसं तिचं एकमेव हत्यार होतं. पुस्तक विद्यार्थ्यांना अभ्यासाला लागलं. आवृत्त्या निघाल्या. आना बार्बाराच्या गावानं तर चौकातल्या कारंज्यापाशी तिचा ब्राँझचा पुतळा बसवला. एक बाई, पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावलेली. ताई तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, गुडघे गेले, पण अजून कुठे व्याख्यान असलं की लोक त्यांना त्या रडणाऱ्या बाईबद्दलच विचारत.

आमच्या तिसऱ्या नाताळात त्यांनी मला आणि निखिलला खाली बोलावलं, तीन ग्लासांत सफरचंदाची आंबट मोस्ट ओतली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "आता मला रोझविथा म्हणायचं. आणि 'डू'." म्हणजे 'अहो'चं 'अगं' करायचं. इथे हा छोटा समारंभच असतो, नाही म्हणणं म्हणजे अपमान. मी हो म्हटलं आणि अडकले. जर्मनमध्ये मी त्यांना 'तू' म्हणू शकत होते, पण शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारताना जीभ रेटेना. दोन दिवस मी नाव न घेताच बोलले. शेवटी त्यांनी पकडलंच. मी अडचण सांगितली. "मग तुझ्याकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, "ताई लावतात." त्यांनी चार वेळा म्हणून बघितलं, आवडलं, आणि तेव्हापासून फोनवरसुद्धा "इथे रोझविथाताई" असं म्हणायला लागल्या. मनात मात्र माझ्यासाठी त्या कायम 'त्या'च राहिल्या.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही हकिगत पुढे सरकत नाही. आप्पा म्हणजे माझे सासरे, दत्तात्रय निगडे, राहणार कराड. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. मोडी वाचण्यात त्यांचा हातखंडा, आणि हल्ली मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा दिवस आल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांच्या ओट्यावर जुने कागद घेऊन माणसं बसलेली असतात. सासूबाई गेल्यानंतर, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. इंग्रजी जेमतेम, जर्मन शून्य. पहिला आठवडा ते खिडकीत बसून होते. आम्ही दोघं ऑफिसला, ईरा शाळेत. संध्याकाळी विचारलं तर म्हणायचे, "छान आहे. शांत आहे." त्या 'शांत'मध्ये काय होतं ते मला कळत होतं.

एका दुपारी मी लवकर घरी आले तर वर कोणी नाही. घाबरून खाली धावले. रोझविथाताईंच्या अभ्यासिकेचं दार उघडं, आणि मोठ्या टेबलापाशी दोघं शेजारी शेजारी. आप्पा एका कोऱ्या कागदावर आधी सरळ रेघ ओढत होते आणि मग हात न उचलता तिला मोडी अक्षरं लटकवत चालले होते. ताई तोंडाचा चंबू करून बघत होत्या. मग त्यांनी पेन घेतलं आणि खाली जुन्या जर्मन हस्तलिपीत एक ओळ लिहिली. ही लिपी आजच्या जर्मनांनाही वाचता येत नाही, नुसती उभी तिरकी टोकं, करवतीच्या दात्यांसारखी. आप्पांनी ती बोटानं गिरवून बघितली. एकालाही दुसऱ्याची भाषा येत नव्हती, आणि दोघंही माझ्याकडे बघायला तयार नव्हते. मी चहा करून आणला. आप्पा म्हणाले, "मेधा, बाईंना सांग, आमच्याकडेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखावा लागतो." मी सांगितलं. ताईंनी टेबलावर थाप मारली, "गेनाऊ! अगदी बरोबर! हात! हेच मी तीस वर्षं पोरांना सांगत होते!"

त्यानंतर रोज दुपारी 'हेर आप्पा', म्हणजे 'श्रीयुत आप्पा', खाली जाऊ लागले. इस्त्रीचा शर्ट घालून. ईरा शाळेतून आली की दुभाष्याचं काम करायची, म्हणजे आप्पांचं मराठी तिला कळायचं आणि ती ते जर्मनमध्ये सांगायची. उलट बाजूनं मात्र तिचं मराठी चार शब्दांत आटपायचं.

त्याच जुलैमध्ये आना बार्बाराच्या गावची मूळ नोंदवही दुरुस्त होऊन तिची छायाचित्रं संगणकावर आली. ताईंनी तरुणपणी ती वही गावच्या पाद्रीबुवांच्या थंडगार खोलीत हातमोजे घालून वाचली होती, त्यानंतर पाहिली नव्हती. फाइल उघडून द्यायला मला शनिवारी खाली बोलावलं. आप्पाही आले. ताईंनी ते प्रसिद्ध पान पडद्यावर मोठं केलं, ते चार शब्द बोटानं दाखवले आणि आप्पांसाठी सावकाश वाचले. शेवटचा शब्द 'गेवाइन्ट'. रडली. मी आप्पांना सगळी गोष्ट सांगितली. आप्पा चष्मा वर करून बराच वेळ पडद्याला नाक लावून बसले. मग म्हणाले, "बाईंना विचार, हे मधलं अक्षर आणि वरच्या ओळीतलं हे, एकच आहे का?"

मी विचारलं. ताई म्हणाल्या, "हो. दोन्ही 'डब्ल्यू'."

"नाही," आप्पा म्हणाले. "वरच्याची शेपटी आत वळून मिटलीय. याची मिटली नाही, उघडी सोडलीय. आणि ह्या माणसाचा हात फार नियमित आहे. त्यानं पानभर त्या वरच्या अक्षराची शेपटी एकदाही उघडी सोडलेली नाही."

मी हे जर्मनमध्ये सांगताना मला मधेच कळलं की मी काय सांगतेय. ताईंचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. चाळीस वर्षांपूर्वी आपण हे शंभर वेळा पाहिलंय, असं त्या जरा कडक आवाजात म्हणाल्या. आप्पांना शब्द कळले नाहीत पण सूर कळला. ते लगेच उठले, हात जोडले, "मला काय कळतंय त्यातलं, दिसलं ते बोललो." आम्ही वर आलो. आप्पा जेवले नाहीत नीट. "उगाच बोललो मी," एवढंच पुन्हा पुन्हा. आणि खालून दोन दिवस काही आवाज नाही. ताई बागेत दिसल्या नाहीत, पत्रपेटी उघडली नाही. मी ऑफिसला जाताना त्यांच्या दाराशी थांबायचे, हात वर करायचे आणि तसाच खाली घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी आमची बेल वाजली. गुडघ्यांमुळे त्या वर्षभर वर आल्या नव्हत्या. कठडा धरून धापा टाकत उभ्या, केस विस्कटलेले, आणि डोळे असे चमकत होते की मला आधी तापच वाटला. "हेर आप्पा कुठे आहेत?" आत येऊन त्या त्यांच्यासमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "एकेक वाक्य सांग. गाळू नकोस." मग त्यांनी सांगितलं. ते अक्षर 'एम' होतं. शब्द 'गेमाइन्ट'. यावर ती रडली असं नव्हतंच ते. यावर ती म्हणाली. आणि काय म्हणाली ते पुढच्या पानावर होतं. जुन्या वहीत दोन पानं ओलीनं एकमेकांना चिकटली होती. ताईंनी तरुणपणी त्यांच्यापुढे 'बहुधा कोरी' अशी टीप लिहून ठेवली होती. दुरुस्ती करणाऱ्यांनी ती सोडवली, आणि आत होती आना बार्बारा.

"काय म्हणाली?" आप्पांनी विचारलं.

ताईंनी खिशातून कागद काढला. "'ती म्हणाली, हसू आलं तर माणसानं ते ठेवायचं तरी कुठे? पोटात ठेवलं तर दुखतं.' पाद्रीबुवांनी तिला एक तास गावच्या कोठडीत बसवलं. आणि कारकुनानं पुढे लिहिलंय, हे ऐकून पंचायतीतले दोघे हसले, त्यांनाही समज दिली."

मग आप्पा हसायला लागले. आधी खांद्यातून, मग मोठ्यानं, सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना तसं हसताना पाहत होते. आणि रोझविथाताईही. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चाळीस वर्षं मी त्या बाईला रडवलं रे," त्या म्हणाल्या, "आणि ती चाळीस वर्षं माझ्यावर हसत होती." मग त्यांनी आप्पांना विचारलं, जर्मन न येता हे त्यांना दिसलं कसं. आप्पा म्हणाले, "येत नाही म्हणूनच. अर्थ ठाऊक असला की माणूस पुढे पळतो. मला पळायला जागाच नव्हती."

इथवर सगळं आनंदाचं. पण नाव ज्या प्रकरणावर झालं तेच खोटं ठरलं होतं, आणि हे जगात फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. ताईंनी कळवल्यावर त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक, मुद्दाम म्युनिकहून आला. मी कॉफी ठेवायला गेले तेव्हा तो समजावत होता, पुढच्या आवृत्तीत एक शांत तळटीप टाका, आत्ता गवगवा कशाला, या वयात. ताईंनी त्याला सगळं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तिला बोलताना मी गप्प केलं. आता ती बोललीय, तर ते तळटिपेत कुजबुजायचं? आणि वय म्हणशील तर, माझ्याकडे वाट बघायला वेळ कुठे आहे?"

सप्टेंबरच्या एका रविवारी आम्ही त्या गावाला गेलो. मी गाडी चालवत होते, ताई पुढे, मागे आप्पा आणि ईरा. आप्पांचं परतीचं तिकीट पुढच्याच आठवड्याचं होतं. ताई वाटभर मांडीवरचे कागद चाळत होत्या. गावच्या सभागृहात साठेक माणसं असतील, पहिल्या रांगेत महापौर, अवघडलेला. पुतळ्याचं काय करायचं हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. ताई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला एक चूक सांगायला आलेय. ती माझी आहे." वीस मिनिटं बोलल्या. अक्षर फळ्यावर काढून दाखवलं, मिटलेली शेपटी, उघडी शेपटी. आप्पांना उभं करून ओळख करून दिली. शेवटी आना बार्बाराचं वाक्य वाचलं. कुणीतरी घसा खाकरला. मग महापौरांनी विचारलंच, "म्हणजे, फ्राऊ प्रोफेसर, आमचा पुतळा आता चुकीचा झाला?"

त्या काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून एक म्हातारी शेतकरीण उठली. तिथल्या ठसकेबाज बोलीत म्हणाली, "चुकीचा कसा? कारंज्यासमोर माझं घर आहे. मी रोज भांडी घासताना बघते तिला. ती रडतेय असं तुम्ही लोकांनी खाली पाटीवर लिहिलंय. खांदे बघा की तिचे! ती हसू दाबतेय." आणि सगळं सभागृह उठून बाहेर, चौकात. ॲप्रन तोंडाला लावलेली ती ब्राँझची बाई. लोक वाकून, बाजूनं, खालून बघत होते. खरंच, ज्याला रडणं बघायचं त्याला रडणं दिसत होतं, आणि हसू ठाऊक असलेल्याला हसू. शिल्पकारानं काय मनात धरलं होतं ते विचारायला तो आता हयात नव्हता. महापौरांनी सुटकेचा श्वास सोडला, बदलायची होती ती फक्त पाटी. ताई कारंज्याच्या काठावर बसल्या, पुतळ्याच्या ब्राँझच्या पायावर हात ठेवला आणि स्वाबियन बोलीत तिला काहीतरी म्हणाल्या. काय म्हणालात, असं मी गाडीत विचारलं. "आमच्या दोघींचं आहे ते," त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत गाणं गुणगुणत होत्या.

त्यानंतरची दीड वर्षं मी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. नव्या आवृत्तीसाठी ते प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेतलं. आणि दुसरा एक उद्योग. पिशवीत पेन्सिल घेऊन त्या गावोगावच्या वाचनालयांत जायच्या, स्वतःचं जुनं पुस्तक मागायच्या आणि कोपऱ्यात बसून ते अक्षर दुरुस्त करायच्या. एकदा मी बरोबर असताना पकडल्या गेल्या. तरुण ग्रंथपाल येऊन म्हणाली, "पुस्तकात लिहायला मनाई आहे." ताई म्हणाल्या, "बरोबर आहे. पण हे मीच लिहिलंय." तिनं मागच्या पानावरचा फोटो पाहिला, समोरच्या बाईंकडे पाहिलं, आणि थोडा वेळ विचार करून म्हणाली, "तरीही मनाई आहे." ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं. कराडला आप्पांनाही आठवड्याला एक फोन व्हायचा. मी मधे नसले तरी चालायचं. दोघं एकमेकांना कागद दाखवायचे आणि "हं" म्हणायचे.

हृदयाचं दुखणं जानेवारीत बळावलं. दवाखान्यात पलंगावर छपाईआधीची पानं पसरलेली असत. शेवटचं पान तपासून त्यांनी झाबीनेकडे दिलं त्या दिवशी मी तिथे होते. दमल्या होत्या. "झालं," म्हणाल्या, "आता कुणाला चुका सापडल्या तर त्या त्यांच्या." आप्पांना त्या गेल्याचं मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बाई फार सरळ होत्या. असा माणूस कचेरीत आम्हाला एकही भेटला नाही."

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती आली. नाव बदललंय, 'आना बार्बाराचं म्हणणं'. झाबीनेनं एक प्रत आमच्यासाठी आणून दिली. रविवारी दुपारी आम्ही आप्पांना व्हिडिओ कॉल लावला, आणि प्रस्तावना वाचायचं काम ईरानं स्वतःहून घेतलं. चौदा वर्षांची ही मुलगी, मी मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देणारी. ती एकेक वाक्य आधी जर्मनमध्ये मनातल्या मनात वाचायची आणि मग ठेचकाळत मराठीत सांगायची. "इथे लिहिलंय... ह्या दुरुस्तीचं... श्रेय, श्रेय ना आई?... कराडच्या श्री. दत्तात्रय निगडे यांना. त्यांना जर्मन येत नाही." आप्पांनी चष्मा काढून पुसला. "कराडचं स्पेलिंग बरोबर आहे का बघ," म्हणाले. ईरानं अक्षरं वाचून दाखवली. बरोबर होतं. शेवटच्या ओळीशी ती अडली. "आजोबा, एक शब्द आहे, मला मराठीत येत नाही. म्हणजे... जो माणूस कुणाचं ऐकत नाही. पण वाईट नाही. चांगला." आप्पा म्हणाले, "हट्टी." "हां, हट्टी! 'आना बार्बारा हट्टी होती. मीही आहे.' संपलं."

"संपलं कसं?" आप्पा म्हणाले. "पुढे पुस्तक आहे ना?"

तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की ईरा ते पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसते आणि कराडला फोन लावते. आठवड्याला पान-दोन पानं होतात. शब्द अडला की दोघं मिळून शोधतात, मला विचारत नाहीत. काल ती अकराव्या पानावर होती. गावात कुणाची तरी कोंबडी कुणाच्या तरी परसात शिरली होती आणि दोन बायकांची चांगलीच जुंपली होती. मी भांडी आवरत ऐकत होते. "मग? चूक कुणाची होती?" आप्पांचा अधीर आवाज आला. आणि माझी लेक पानावरून बोट न हलवता त्यांना म्हणाली, "थांबा ना आजोबा, वाचतेय."